रुग्णसेवा आणि विनोद

(मठाच्या वर्धापनोत्सवात हैदराबाद येथे केलेले भाषण)

 

ज्या स्थानावरून आजवर वेदान्ती पंडितांनी आणि नामांकित कीर्तनकारांनी आपणांशी संवाद केला, त्या स्थानावर माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तराने उभे राहावे हे धाडसच होय. परंतु कार्यकारी मंडळाने यंदाच्या व्याख्यानांसाठी 'सेवा' हा विषय ठरविला, आणि ज्याने जी सेवा केली तिच्याविषयी त्याने बोलावे असा आग्रह धरला. माझ्या हातून आयुष्यात मोठी अशी सेवा घडलेली नाही. एक मात्र घडली. २०१७ साली माझ्या थोरल्या बहिणीला कर्करोग झाला, आणि तिच्या केमोथेरपीच्या सहा महिन्यांत मी तिच्याजवळ होतो. त्या सहा महिन्यांत आम्ही पुष्कळ हसलो. का हसलो, केव्हा हसायला नको होते, आणि त्या हसण्याचा उपयोग काय झाला, एवढेच मला सांगावयाचे आहे.

अक्का समोरच्या दुसऱ्या रांगेत बसली आहे. हे भाषण करण्यास तिने दोन अटींवर संमती दिली. पहिली अट अशी की तिचे नाव घ्यायचे नाही. दुसरी अशी की तिला 'झुंजार' म्हणायचे नाही. "मी झुंजले नाही, खुर्चीत बसून होते. झुंजले ते औषध," असे तिचे म्हणणे आहे. ती गणिताची शिक्षिका होती. शब्द वाजवीपेक्षा मोठा झालेला तिला खपत नाही.

संक्रांतीच्या सुमारास तिला स्तनात गाठ लागली. तपासण्या झाल्या, शस्त्रक्रिया झाली, आणि नंतर केमोथेरपी घ्यावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले. अक्काचे यजमान बारा वर्षांपूर्वीच गेलेले, मुलगा अमेरिकेत. तेव्हा काचीगुड्यातील आमच्या जुन्या घरी ती राहावयास आली. बातमी कळताच आप्तेष्टांची रीघ लागली. प्रेमाने येत, यात संशय नाही. परंतु दारातून आत येताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव असे, तो समाचाराला आलेल्या माणसाचा असे. आवाज खाली जात. अक्का खोलीत असतानाच "आता कसं आहे त्यांचं?" असा प्रश्न मला विचारला जाई. एक दिवस एक दूरच्या काकू डोळ्यांना पदर लावून बाहेर पडल्या, तेव्हा अक्का म्हणाली, "अरे, ह्यांना एकदा सांग की तेराव्याला बोलावणे पाठवू. एवढी घाई कशाला?"

मला हसू आले नाही. मी घाबरलो होतो. तिने माझ्याकडे पाहिले आणि ती गप्प झाली. त्या दिवशी माझ्या हातून काय हुकले ते मला पुढे कळले. तिने दार किलकिले केले होते, आणि मी ते ओढून घेतले.

आता केमोथेरपी म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढच्या गोष्टी त्यावाचून कळणार नाहीत. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात. भराभर वाढणाऱ्या पेशींना मारणारे औषध शिरेतून दिले, की ते त्या पेशींना मारते. परंतु केसांची मुळे, तोंडातील व आतड्यांतील अस्तर, आणि रक्त तयार करणारी हाडांतील मज्जा, यांच्याही पेशी स्वभावतः भराभर वाढणाऱ्याच असतात. औषधाला आपला आणि परका हा भेद नीट कळत नाही. म्हणून केस जातात, तोंड येते, अन्नाची चव बिघडते, आणि औषध दिल्यानंतर साधारण एक-दोन आठवड्यांत रक्तातील पांढऱ्या पेशी इतक्या उतरतात की साध्या जंतूशीही शरीराला सामना करता येत नाही. मग शरीर सावरते, आणि सावरले की पुढचा डोस. अक्काला एकवीस-एकवीस दिवसांच्या अंतराने चार, आणि त्यानंतर दर आठवड्याला एक असे बारा, मिळून सोळा डोस घ्यावयाचे होते.

या औषधांच्या इतिहासात एका भावाची कथा दडलेली आहे, आणि ती आपल्या शेजारच्या आंध्रभूमीतील आहे. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ साली भीमावरम येथे झाला. तरुणपणी रामकृष्ण मिशनमध्ये जाऊन संन्यास घ्यावा अशी त्यांची इच्छा होती, परंतु आईने अनुमती दिली नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांच्या सख्ख्या भावाचा संग्रहणीने मृत्यू झाला. सुब्बाराव मद्रासला वैद्यक शिकले. गांधीजींच्या हाकेनुसार शस्त्रक्रियेच्या दालनातही खादी वापरली, म्हणून प्राध्यापकांची मर्जी गेली आणि पूर्ण पदवीऐवजी कनिष्ठ प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले. पुढे ते अमेरिकेस गेले. तेथील लेडर्ले प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखालील संशोधकांनी फोलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार करण्यात १९४५ साली यश मिळविले. भावाला नेणाऱ्या संग्रहणीवर गुणकारी ठरणारे हेच ते द्रव्य. पुढे याच द्रव्याला विरोध करणारे, अमिनोप्टेरिन नावाचे औषध त्याच प्रयोगशाळेत सिद्ध झाले. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ते रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना दिले, आणि काही मुलांचा आजार काही काळ तरी मागे हटला. १९४८ साली ही हकीकत प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव निवर्तले. त्याच जातीचे मेथोट्रेक्सेट हे औषध आजही वापरात आहे. संन्यास घेऊ न शकलेल्या त्या पुरुषाने भावाच्या दुःखातून उभे केलेले कार्य किती अनोळखी घरांतील भावंडांच्या उपयोगी पडले, याचा हिशेब कोण करील?

आणखी एक गोष्ट सांगतो. आपल्या बहुतेकांच्या अंगणात सदाफुली असते. ती मूळची मादागास्करची. तिच्या पानांपासून काढलेली दोन औषधे १९६० च्या दशकापासून कर्करोगावर दिली जातात. अक्काच्या औषधांत ती नव्हती. परंतु हे मी तिला वाचून दाखविले, तेव्हा ती म्हणाली, "चाळीस वर्षे मी देवाला सदाफुली वाहिली. देव म्हणत असेल, बाई, ही मला नव्हे, तुम्हा लोकांना लागणार आहे."

पहिला डोस महाशिवरात्रीनंतरच्या सोमवारी होता. आपले हैदराबाद ही या रोगाच्या उपचाराची जुनी पेठ आहे. रेड हिल्स भागातील कर्करोग रुग्णालय नवाब मेहदी नवाज जंग यांच्या पुढाकाराने १९५५ साली उभे राहिले. हेच नवाबसाहेब पुढे गुजरातचे पहिले राज्यपाल झाले. त्यानंतर शहरात आणखी रुग्णालये निघाली. आदिलाबाद, निझामाबाद, बिदर, नांदेड येथून माणसे येथे येतात. आम्ही ज्या रुग्णालयात जात होतो, तेथील केमोच्या दालनात ओळीने वीस-पंचवीस खुर्च्या होत्या, आणि एका खुर्चीवर तेलुगू, दुसरीवर उर्दू, तिसरीवर मराठी असा कारभार चालत असे.

अक्काला दिलेले पहिले औषध लालभडक होते. परिचारिकेने ते नळीतून सोडण्यास आरंभ केला. मी तिच्या पायाशी पुतळ्यासारखा उभा होतो. अक्का त्या लाल नळीकडे पाहत राहिली आणि शांतपणे म्हणाली, "बारा वर्षे झाली कुंकू पुसून. आता डॉक्टर ते शिरेतून भरताहेत."

श्रोतेहो, हा विनोद ऐकून आपणांस काय वाटले ते आपल्या चेहऱ्यांवर मला दिसते आहे. मलाही तसेच झाले. हसावे की रडावे ते कळेना. परंतु तिच्या डोळ्यांत मिस्कील चमक होती, आणि या वेळी मी दार ओढून घेतले नाही. मी हसलो. ती हसली. परिचारिकेला मराठीचा गंध नव्हता, तरी तीही हसली. दीड महिन्यानंतर आम्ही दोघे प्रथमच एकत्र हसत होतो. त्या क्षणी ती पुन्हा माझी अक्का झाली. तोवर ती माझी रुग्ण होती.

शेजारच्या खुर्चीवर जुन्या शहरातील एक गृहस्थ असत आणि त्यांच्याजवळ त्यांचा धाकटा भाऊ असे. दोघेही पन्नाशी उलटलेले. आपल्या शहराला दखनी विनोदाची जी देणगी आहे, ती या दोघांत पुरेपूर उतरली होती. गौस खामखाह यांच्यासारख्या कवींनी ज्या बोलीत मुशायरे हसवून सोडले, आणि जेथे विनोदप्रेमी मंडळींनी आपल्या संस्थेला 'जिंदादिलान-ए-हैदराबाद' असे नाव दिले, त्या नगरीतील ते खरे नागरिक. मी त्या थोरल्या गृहस्थांना विचारले, "आपले ऑपरेशन केव्हा झाले?" ते म्हणाले, "परसों." मी चकित होऊन म्हणालो, "परवा ऑपरेशन आणि आज आपण येथे?" तेव्हा धाकटा म्हणाला, "मास्टरसाब, भाई की बातां मत सुनो. इनकी शादी भी परसोंइच हुई, और दो नवासे हैं." आपण हैदराबादकर जाणतोच की येथे 'परसों' म्हणजे कालच्या आदल्या दिवसापासून निजामाच्या राज्यापर्यंतचा कोणताही दिवस. त्या दिवसापासून आमच्या घरातही 'परसों' हा शब्द रुजला. औषध केव्हा घेतलेस? परसों. पुढचा डोस केव्हा? परसों.

होळीनंतर अक्काचे केस गळू लागले. उशीवर पुंजकेच्या पुंजके दिसत. डॉक्टरांनी हे होणार असे सांगितलेच होते, आणि उपचार संपल्यावर केस पुन्हा येतील असेही सांगितले होते. तरी जे सांगितलेले असते आणि जे हातात येते, त्यांत अंतर असते. तिने न्हाव्याला घरीच बोलाविण्यास सांगितले. आमच्या आजीला आम्ही दोघांनीही पाहिलेले आहे. लाल आलवणातील ती आजी, आणि दर पंधरवड्याला परसदारी येणारा न्हावी. लहान असताना आम्ही त्या दृश्याला भीत असू. न्हावी वस्तरा परजू लागला, तेव्हा मला आजी आठवली. मी बोललो नाही. अक्काच म्हणाली, "आजीला जे शास्त्राने केले ते मला औषधाने केले. फरक एवढाच की मला विचारून केले, आणि माझे परत येणार आहेत."

हे वाक्य विनोदाचे होते काय? मला ठाऊक नाही. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होते. आजीसाठी होते की स्वतःसाठी, ते मी विचारले नाही.

भावाचे कर्तव्य म्हणून मी म्हणालो, "अक्का, मीही मुंडण करतो." आपण माझे मस्तक पाहतच आहात. तिने न्हाव्याकडे पाहिले, न्हाव्याने माझ्या डोक्याकडे पाहिले, आणि ती म्हणाली, "तुझ्यासाठी त्यांनी वस्तरा ओला करणे म्हणजे पाण्याचा अपव्यय आहे." न्हावी निघून गेल्यावर तिने आपल्या डोक्यावर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाली, "गोरोबाकाकांना बोलवा रे. हे मडके पक्के झाले की नाही, ते थापटून सांगतील."

गोरोबांच्या घरची ती कथा आपण कीर्तनांतून ऐकलेली आहे. हे थापटणे कशाचे, असे मुक्ताबाईंनी विचारले. मडकी पारखण्याचे, असे उत्तर आले. मग येथे जमलेली मडकीही पारखा, असे त्या म्हणाल्या, आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले. ही कथा आपण अध्यात्माची म्हणून ऐकतो व ती आहेच; परंतु तिच्यात केवढी थट्टा आहे पाहा! आपल्या संतांनी परमार्थाच्या घरातून हास्याला हाकलून दिलेले नाही. एकनाथांची भारुडे ऐकताना कोण हसत नाही?

आतापर्यंत मी आपणांस विनोदाची गोड बाजू सांगितली. आता माझा अपराध सांगतो, कारण तो सांगितल्यावाचून या भाषणाला अर्थ नाही.

दुसऱ्या डोसानंतरचा आठवा दिवस. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. मार्चअखेरचे हैदराबाद कसे तापते ते आपणांस ठाऊक आहे. संध्याकाळी अक्का म्हणाली, "मला थंडी वाजते आहे." मी म्हणालो, "वा! आम्ही इथे भाजून निघालो आहोत आणि तुला काश्मीर फुकटात." ती हसली. थोड्या वेळाने तिने शाल मागितली. मी शालीवर आणखी एक विनोद केला, तिनेही त्यावर कडी केली. आम्ही दोघे इतके रंगात आलो होतो की थंडी वाजते म्हणजे काय, हा विचार दोघांच्याही मनाला शिवला नाही. किंबहुना, माझ्या मनाला तो शिवला होता. मी त्याला विनोदाने बाजूस सारले. असे दोन तास गेले. शेवटी माझ्या पत्नीने येऊन तिच्या कपाळाला हात लावला आणि थर्मामीटर आणले. ताप १०१ च्या वर होता.

रुग्णालयाने दिलेल्या कार्डावर ठळक अक्षरांत छापलेले होते: ताप १००.४ अंशांवर गेल्यास तत्काळ यावे. ते कार्ड आमच्या फळीवर, घड्याळाखाली, मीच लावलेले होते. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना आलेला ताप हा साधा ताप नव्हे. काही तासांत जंतू रक्तात पसरून जीवावर बेतू शकते. कोठीच्या चौकातील गर्दीतून गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती. अक्का मागच्या आसनावर डोळे मिटून पडली होती, आणि मला एकही विनोद आठवत नव्हता.

रुग्णालयात तत्काळ रक्त तपासले. पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या होत्या. लागलीच शिरेतून प्रतिजैविके सुरू झाली. तरुण डॉक्टरांनी मला किती वेळापासून थंडी वाजत होती ते विचारले. मी खरे ते सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "थर्मामीटर आधी, विनोद नंतर."

पाच दिवस ती तेथे होती. पाडव्याच्या दिवशी मला मुखपट्टी बांधून दहा मिनिटे आत जाऊ दिले. फुले नाहीत, फळ नाही, कडुनिंबाचे पानही नाही. सवयीने मी म्हणालो, "यंदा तुझा कडुनिंब शिरेतूनच." ती हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "तू हसवतोस ते माझ्यासाठी की तुझ्यासाठी?"

मी मास्तरकीत आयुष्य घालविले, मुलांना हजारो प्रश्न विचारले. परंतु असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. ज्या विनोदांना मी सेवा समजत होतो, त्यांपैकी कितीतरी माझ्या भीतीची सोय होती. ती 'दुखते' म्हणाली की मी विनोद करी, म्हणजे ते दुखणे मला ऐकावे लागत नसे. मी तिला उत्तर दिले नाही. मुखपट्टीच्या आड मी रडलो, आणि तिने मला रडू दिले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आता बरे वाटले. इतके दिवस मी एकटीच घाबरत होते."

त्या दिवसापासून आमच्या घरात एक रीत पडली. रोज सकाळ-संध्याकाळ आधी थर्मामीटर; मग ती सांगेल ते सगळे मी ऐकायचे, मध्ये न बोलता; आणि त्यानंतर तिला हसावेसे वाटले तर हसायचे. आरंभ तिने करावयाचा. पुष्कळ दिवस तिने आरंभ केला नाही. तोंड आलेले असे, चिंचेचे सारही जाईना. पाडव्याच्या षड्रसांतला एकही रस कळत नाही, धातू चघळल्यासारखे वाटते, असे ती म्हणे. पुढच्या औषधांनी हातापायांना मुंग्या येऊ लागल्या. रांगोळीची चिमूट सुटेना. अशा दिवशी मी नुसता जवळ बसे. हेही सेवेचेच काम आहे, आणि विनोदाहून कठीण आहे.

जून महिन्यात एकदा आम्ही गेलो, तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. पुढच्या आठवड्यातही ती रिकामीच होती. तिसऱ्या आठवड्यात तो धाकटा भाऊ एकटाच आला. उरलेली औषधे कोणा गरजूला द्यावीत म्हणून तो घेऊन आला होता. अक्काने त्याला बसावयास सांगितले. तिने काही विचारले नाही. तोच म्हणाला, "भाई परसों चले गए."

कोणता परसों, ते आम्ही विचारले नाही.

बराच वेळ कोणी बोलले नाही. माझ्या जिभेवर एकही शब्द नव्हता, आणि मला त्याची लाजही वाटली नाही. मग तो आपणहून सांगू लागला की शेवटच्या दिवशी भाईंनी त्याला जवळ बोलावून गंभीरपणे विचारले होते, "मेरे बाद दुकान के हिसाबां कौन देखेगा?" याने रडत रडत 'मैं' म्हटले, तेव्हा ते म्हणाले, "फिर तो दुकान भी परसोंइच गई समझो." हे सांगता सांगता तो हसला आणि त्याच हसण्यात त्याचा बांध फुटला. आम्ही दोघेही हसलो आणि रडलो. त्या दालनातील माणसांना आमचे काय चालले आहे ते कळले नसेल.

हसण्याने कर्करोग बरा होतो असे मी म्हणणार नाही. तसे असते तर ते गृहस्थ आज असते. त्यांच्याइतका हसणारा माणूस त्या दालनात दुसरा नव्हता. बरे करतात ती औषधे, आणि त्यांनाही जेवढे साधते तेवढेच. परंतु थोरल्या भावाचे शेवटचे वाक्य धाकट्याजवळ उरले, ते थट्टेचे होते, आणि ते त्याला पुष्कळ दिवस पुरणार आहे, हे मी डोळ्यांनी पाहिले. आजार माणसाला रुग्ण करून टाकतो. त्याचे नाव, त्याचा स्वभाव, त्याचा हट्ट, सारे त्या एका शब्दाखाली झाकले जाते. भावंडाची थट्टा त्याला त्याच्या जुन्या नावाने हाक मारते.

आणि हा अधिकार विशेषेकरून भावंडाचाच आहे. लोकांच्या वागण्याने व्यथित होऊन ज्ञानदेव ताटी लावून आत बसले, तेव्हा त्यांना बाहेर बोलावण्यास कोण गेले? धाकटी मुक्ताई गेली. 'ताटीचे अभंग' म्हणून जे प्रसिद्ध आहेत, ते धाकट्या बहिणीने थोरल्या भावाला केलेले आर्जव आहे, आणि उपदेशही आहे. ताटी तिने बाहेरून मोडून काढली नाही. ती आतून उघडावयाची असते, म्हणून ती दाराशी उभी राहून बोलत राहिली. रुग्णाजवळ बसणाऱ्याने एवढेच शिकावे असे मला वाटते. दाराशी उभे राहावे. आतून हसण्याचा आवाज आला तर हसावे, रडण्याचा आला तर रडावे, काहीच आले नाही तर उभे राहावे. आणि दर सकाळ-संध्याकाळ ताप पाहावा.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज हे दुखणे असेल. आपण भेटीस जाल तेव्हा माझी विनंती एवढीच आहे: रुग्णादेखत 'त्यांचं कसं आहे' असे दुसऱ्याला विचारू नका, त्यांनाच विचारा. सर्दी-खोकला असेल तर भेटीचा मोह आवरा. परिचितांपैकी कोण कोण याच रोगाने गेले, ती यादी वाचू नका. आणि थट्टा त्यांनी केली तर घाबरून दार ओढून घेऊ नका, मी पहिल्या दिवशी केले तसे.

अक्काचा सोळावा डोस श्रावणात झाला. केस परत आले. पूर्वी सरळ होते, आता कुरळे आले आहेत, आणि हे पैशांत धरले होते काय असे तिने डॉक्टरांना विचारले. तपासण्या अजूनही चालूच असतात. प्रत्येक तपासणीच्या आदल्या रात्री आम्हा दोघांनाही झोप येत नाही, आणि आता ते आम्ही एकमेकांना सांगतो. पूर्ण बरी झालीस काय, असे कोणी विचारले तर ती म्हणते, "हो, परसों."

श्रीगुरुकृपेने ती आज येथे बसली आहे आणि मनगटावरचे घड्याळ मला दाखवीत आहे. गणिताच्या शिक्षिकेपुढे वेळेचा हिशेब चुकवून चालत नाही.